निळ्या गल्लीतला लाल स्वेटर

टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या आमच्या गल्लीत शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाच्या आत हॉकी सुरू होत असे. बर्फावरची नव्हे, डांबरावरची: टेनिसचा चेंडू, लाकडी स्टिका आणि दोन गोलजाळ्या. वळणावर मोटार दिसली की जो पहिला पाहील तो ‘कार!’ असे ओरडे, जाळ्या कडेला सरकत आणि मोटार निघून गेली की जिथे थांबला होता तिथूनच खेळ पुढे चाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे खेळणाऱ्या दहा-बारा मुलांपैकी मला सोडले तर प्रत्येकाच्या अंगात टोरांटो मेपल लीफ्सचा निळा-पांढरा स्वेटर असायचा. माझा लाल होता. छातीवर निळा पट्टा आणि त्यावर ‘सी’च्या पोटात ‘एच’. तो मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा. त्या ‘एच’चा संबंध लोक मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकच्या जुन्या फ्रेंच शेतकऱ्यांशी, ‘आबिताँ’शी, जोडतात आणि त्यावरूनच संघाला ‘हॅब्स’ म्हणतात. प्रत्यक्षात तो ‘हॉकी’चा ‘एच’ आहे, आणि ही गोष्ट मी आठव्या वर्षापासून गल्लीत ठासून सांगत आले आहे.

माझा जन्म १९८१ सालचा, टोरांटोतलाच. मॉन्ट्रियल शहर मी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत पाहिलेही नव्हते. तरीही ज्या शहराची हवा, शाळा, ग्रंथालय आणि शेजार माझा होता, त्या शहराचा संघ हरावा असे मला शनिवार संध्याकाळी अगदी मनापासून वाटत असे. भारतातल्या वाचकांसाठी सांगायला हवे की टोरांटोत लीफ्स हा निव्वळ एक संघ नाही. १९३१ पासून, म्हणजे मेपल लीफ गार्डन्स ही लीफ्सच्या घरच्या सामन्यांची इमारत उभी राहिल्यापासून, शनिवारची रात्र त्यांच्या नावे लिहून दिलेली आहे. आधी रेडिओ, मग सीबीसी या सरकारी वाहिनीवरचा ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ हा कार्यक्रम. लीफ्सने स्टॅन्ली कप, म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएल या लीगचा अजिंक्यपदाचा चषक, १३ वेळा जिंकला, पण शेवटचा १९६७ मध्ये, तोही मॉन्ट्रियलला हरवून. त्यानंतर वाट पाहणे हाच त्या शहराचा स्थायी भाव झाला. आमच्या शाळेत श्रीलंका, जमैका, हाँगकाँग, पोर्तुगाल अशा चारी दिशांहून आलेल्या घरांतली मुले होती, आणि ती कॅनडाची झाली याची पहिली खूण म्हणजे लीफ्सचा स्वेटर. माझ्या घरात मात्र ही गोष्ट वेगळ्याच वाटेने आली होती.

बाबा खडकीचे. धनराज पिल्ले ज्या खडकीत जन्मले आणि घडले, त्याच खडकीत, त्यांच्या आधीच्या पिढीत, दारूगोळा कारखान्याच्या आसपासच्या मैदानांवर बाबा मैदानी हॉकी खेळले. खडकीतल्या मुलाला त्या काळी हॉकी वेगळी शिकवावी लागत नसे. लष्करी पलटणींचे सामने कुंपणाबाहेरून बघत बघत ती अंगात उतरायची. १९७४ मध्ये ते यंत्रांचे आराखडे काढण्याच्या नोकरीवर मॉन्ट्रियलला आले तेव्हा सामानात गुंडाळलेली एक स्टिक होती, आणि ती अजून त्यांच्या कपाटामागे उभी आहे.

१९७६ च्या जुलैमध्ये मॉन्ट्रियलला ऑलिंपिक झाले. १९२८ ते १९७२ या काळात भारत हॉकीतून पदकाविना एकदाही परतला नव्हता. त्यात सात सुवर्णे होती. शिवाय आदल्याच वर्षी अजितपाल सिंगच्या संघाने क्वालालंपूरला पाकिस्तानला २–१ हरवून विश्वचषक आणला होता. बाबांनी महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला काढून मॅकगिल विद्यापीठाच्या मोल्सन स्टेडियमची तिकिटे घेतली. ऑलिंपिकमध्ये प्रथमच हॉकी कृत्रिम गवतावर खेळली जाणार होती. भारत–ऑस्ट्रेलिया सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिला: १–६. बाबा सांगतात की त्या पृष्ठभागावर चेंडू असा सरळ आणि असा झपाट्याने पळत होता की आपल्या खेळाडूंची मनगटे एक क्षण उशिरा पोहोचायची, आणि खडकीच्या खडबडीत मैदानावर ज्या मनगटांना तोड नव्हती ती तिथे रिकामी पडलेली बघवत नव्हती. भारत सातवा आला. ही हकीकत बाबा आजही एका आवाजात, मध्ये न थांबता सांगतात.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात कार्यालयातल्या कोणीतरी त्यांना फोरममध्ये, कॅनेडियन्सच्या घरच्या रिंकवर, उभ्याच्या तिकिटावर नेले. तो मोसम म्हणजे १९७६-७७ चा. गी लाफ्लर, लॅरी रॉबिन्सन, गोलात केन ड्रायडन आणि प्रशिक्षक स्कॉटी बोमन. त्या मोसमात कॅनेडियन्स ८० पैकी ६० सामने जिंकले, १२ बरोबरीत सुटले आणि फक्त ८ हरले. घरच्या बर्फावर तर संपूर्ण मोसमात एकच. १९७६ ते १९७९ सलग चार वर्षे कप त्यांचा. ज्या शहरात बाबांची एक हॉकी गेली त्याच शहराने सहा महिन्यांत त्यांना दुसरी दिली. मला वाटते, माणूस संघ निवडतो असे आपण म्हणतो ते फारसे खरे नाही. बाबा रिकाम्या हाताने उभे होते आणि समोर लाफ्लर केस उडवत उजव्या बाजूने सुसाट निघाला होता, एवढेच घडले.

पुढे क्यूबेकमधले राजकारण बदलले. नोव्हेंबर १९७६ मध्ये स्वतंत्र क्यूबेकची मागणी करणारा पक्ष सत्तेवर आला, १९७७ मध्ये फ्रेंचला कामकाजाची भाषा करणारा कायदा झाला, आणि इंग्रजीत चालणाऱ्या अनेक कंपन्यांनी आपली बिऱ्हाडे टोरांटोला हलवली. बाबांची कंपनीही १९८० मध्ये हलली. आई सांगते की ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी लाल स्वेटर असलेली पेटी चढवली आणि तीच सगळ्यात आधी उघडली.

टोरांटोत मॉन्ट्रियलचे सामने बघणे सोपे नव्हते. इंग्रजी वाहिनीवर शनिवारी लीफ्स असायचे. आमचा आधार म्हणजे रेडिओ-कॅनडाची फ्रेंच टीव्ही वाहिनी. आमच्या घरात फ्रेंच बाबांना मोडकीतोडकी, आईला त्याहून कमी आणि मला अजिबात येत नव्हती. पण तीन तास ती भाषा कानांवर पडून पडून आकडे, दिशा आणि शिक्षेची मिनिटे मला शाळेत फ्रेंच सुरू होण्याआधीच येऊ लागली. गोलरक्षकाने अडवलेल्या फटक्याला तिथे ‘आरे’ म्हणतात. आमचा पॅट्रिक रूआ गोलात असला की समालोचक दर मिनिटाला ‘आरे द रूआ!’ असे ओरडत असे, आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, “हा कोणाला एवढं ‘अरे, अरे’ करतोय?” आमच्या घरात अजूनही कोणी पडता पेला अलगद झेलला की ‘आरे!’ असेच म्हणतात.

गावच्या संघाच्या विरोधात असलेल्या मुलीला गावचा संघ इतरांपेक्षा जास्त नीट माहीत असावा लागतो. लीफ्सच्या पाठीराख्या मुलांना आपल्या खेळाडूंचे चांगले दिवस आठवायचे. मला सगळेच आठवावे लागत, कारण वादात माझ्या बाजूला दुसरे कोणी नसायचे. १९८४-८५ च्या मोसमात लीफ्सने फक्त २० सामने जिंकले आणि ते सगळ्या लीगमध्ये तळाला गेले. मालक हॅरोल्ड बॅलार्ड यांच्या काळात संघाची जी आबाळ झाली तिच्याबद्दल मी वर्तमानपत्रांतले रकाने कापून वहीत चिकटवत असे. त्या वहीचा उपयोग सुरुवातीला भांडणासाठी होता. पण सतत वाचून वाचून वेन्डेल क्लार्क कोणत्या खांद्याने धडक देतो, डग गिल्मरचा पास कोणत्या कोनातून निघतो, हे मला माझ्या संघाच्या खेळाडूंइतकेच कळू लागले. विरोधातही जवळीक असते, ती मला त्या वहीने दिली. लीफ्सला हरताना बघायला मी बसत असे, पण बघत असे ते लीफ्सनाच.

एकदा बाबा मला गार्डन्समध्ये घेऊन गेले, छताला लागलेल्या सगळ्यात वरच्या करड्या खुर्च्यांवर. तिथून खाली बर्फ एखाद्या पांढऱ्या ताटासारखा दिसायचा आणि खेळाडू हाताच्या बोटाएवढे. मी लाल स्वेटर घातला होता. जिना चढताना एका माणसाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मॉन्ट्रियलने पहिला गोल केला तेव्हा मी एकटीच उभी राहिले. त्या क्षणीची शांतता मला आजही ऐकू येते: पंधरा-सोळा हजार माणसे गप्प, आणि माझ्या टाळ्यांचा बारीक आवाज मलाच मोठा वाटणारा. बाबा उभे राहिले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो खाली ओढायला ठेवला होता की आधाराला, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

आता १९९३ बद्दल, कारण त्या वर्षीचा मे आणि जून मला आठवड्यागणिक आठवतो.

लीगच्या १९८१ च्या फेररचनेपासून टोरांटो आणि मॉन्ट्रियल वेगवेगळ्या परिषदांमध्ये, म्हणजे गटांमध्ये, होते. याचा अर्थ असा की बाद फेरीत ते समोरासमोर यायचे असतील तर ते फक्त अंतिम फेरीतच. माझ्या हयातीत ते एकदाही घडले नव्हते. त्या वर्षी लीफ्सचे प्रशिक्षक होते पॅट बर्न्स, जे आदल्या वर्षापर्यंत मॉन्ट्रियलचे प्रशिक्षक होते, आणि त्यांनी लीफ्सना पार बदलून टाकले. आधी डेट्रॉईटला सात सामन्यांच्या मालिकेतल्या सातव्या सामन्याच्या जादा वेळेत हरवले, मग सेंट लुईसला सातव्या सामन्यात ६–० असे. विजयानंतर यंग स्ट्रीटवर मोटारींच्या खिडक्यांतून निळे झेंडे बाहेर येत आणि भोंगे मध्यरात्रीपर्यंत चालत. तिकडे मॉन्ट्रियलने क्यूबेक नॉर्डिक्सविरुद्धचे पहिले दोन सामने गमावून मग मागे वळून पाहिले नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात ते अंतिम फेरीत पोहोचलेही. लीफ्स लॉस एंजेलिस किंग्सविरुद्ध सहाव्या सामन्यात हरले, ज्यात किंग्सच्या ग्रेट्झ्कीची स्टिक गिल्मरच्या हनुवटीला लागूनही पंचांनी शिक्षा दिली नाही आणि थोड्याच वेळात ग्रेट्झ्कीनेच जादा वेळेतला निर्णायक गोल केला. टोरांटोत या प्रसंगाबद्दल आजही लोक काल घडल्यासारखे बोलतात, आणि मी हॅब्सची असूनही याबाबतीत त्यांच्याच बाजूची आहे.

सातवा सामना २९ मे रोजी, शनिवारी, गार्डन्समध्ये. लीफ्स जिंकले असते तर टोरांटो विरुद्ध मॉन्ट्रियल. बाबा सकाळी चहा पिताना म्हणाले, “आज आपण लीफ्सकडून.” मी काही बोलले नाही. बारा वर्षांच्या मुलीला एवढ्या लवकर बाजू बदलता येत नाही. पण दिवसभर मला तेच हवे होते, आणि ते कोणाला सांगण्याची सोय नव्हती.

सामना आम्ही शेजारच्या मैत्रिणीच्या घरी, तळघरात पाहिला. तिचे आजोबा आरामखुर्चीत बसले होते. १९६७ चा शेवटचा सामना त्यांनी गार्डन्समध्ये बसून पाहिला होता आणि जॉर्ज आर्मस्ट्राँगने रिकाम्या जाळीत मारलेला तो अखेरचा गोल ते हाताने हवेत रेघ ओढून दाखवत. मी स्वेटर घरी ठेवून गेले होते. तीन-साडेतीन मिनिटे उरलेली असताना ग्रेट्झ्की जाळीच्या मागून आला, त्याने पक, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतली रबरी चकती, पुढे ढकलला, तो लीफ्सच्याच बचावपटूच्या, डेव्ह एलेटच्या, स्केटला लागून आत गेला. ग्रेट्झ्कीची हॅटट्रिक. नंतर एलेटनेच एक गोल परत केला, पण घड्याळ संपले. ५–४. मैत्रीण जिन्यावर जाऊन रडू लागली. आयुष्यभर मी ज्या क्षणाची इच्छा केली होती, लीफ्सचा घरच्या बर्फावरचा असा पराभव, तो समोर होता आणि माझ्या घशातून आवाज फुटत नव्हता. मी जिन्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. आजोबांनी टीव्ही बंद केला, गुडघ्यांवरच्या निळ्या शालीची चार पदरी घडी घातली आणि मला म्हणाले की आता तुझ्या संघाने तरी त्या माणसाला हरवावे.

अंतिम फेरीचा दुसरा सामना ३ जूनला होता. किंग्स २–१ ने पुढे, पावणेदोन मिनिटे शिल्लक, आणि मॉन्ट्रियलचे प्रशिक्षक जॅक देमेर्स यांनी किंग्सच्या मार्टी मॅकसोर्लीची स्टिक मोजायला लावली. नियमाप्रमाणे पात्याचा बाक अर्ध्या इंचाहून जास्त चालत नसे. तो जास्त निघाला, आणि मॅकसोर्लीला शिक्षा म्हणून दोन मिनिटे बाहेर बसावे लागले. मला हे काही समजेना, तेव्हा बाबांनी कपाटामागची खडकीची स्टिक आणि माझी गल्लीतली स्टिक शेजारी शेजारी जेवणाच्या टेबलावर ठेवली. “ही एकाच बाजूने सपाट, चेंडू फक्त या बाजूनेच मारायचा. तुझीला दोन्ही बाजू चालतात, म्हणून तिला बाक देता येतो. बाक जास्त झाला की पक फटक्यात वर उचलला जातो, आणि गोलरक्षकाला अंदाज येत नाही.” बाबांचे बोट पात्यावरून फिरत असतानाच एरिक देजार्दँने बरोबरीचा गोल केला, आणि जादा वेळ सुरू होऊन मिनिट होण्याआधी विजयाचाही. अंतिम फेरीत बचावपटूची ती पहिलीच हॅटट्रिक. त्या वर्षी मॉन्ट्रियल जादा वेळेतले सलग १० सामने जिंकले, रूआच्या हातमोज्याच्या जोरावर. ९ जूनला कप आला, २४ वा. बाबा खुर्चीतून उठले, देवापाशी गेले आणि काही न बोलता निरांजन लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुडी होती: लालसर देठ, हाताच्या लांबीचे. शेजारच्या आजोबांनी परसातली रुबार्ब कापून ठेवली होती. आईने ती कधी पाहिलेली नव्हती. पाने विषारी असतात हे मैत्रिणीच्या आईने कुंपणापलीकडून सांगितले. देठाचा तुकडा चाखून आई म्हणाली, “अगं, हा तर चुकाच,” आणि तिने त्याची गूळ, मेथीदाणे आणि मिरची घालून आंबटगोड चटणी केली. एक वाटी शेजारी गेली. पुढे दर जूनमध्ये जुडी येत राहिली आणि वाटी जात राहिली, मॉन्ट्रियलने काही जिंकलेले नसतानाही.

तो कप शेवटचा ठरला. डिसेंबर १९९५ मध्ये डेट्रॉईटने फोरममध्ये ११–१ असे झोडपले, रूआला नऊ गोल होईपर्यंत गोलात उभे ठेवले गेले, आणि चार दिवसांत तो कोलोराडोला गेला. त्याच्या महिनाभर आधीच क्यूबेकचे सार्वमत झाले होते, ज्यात कॅनडात राहण्याच्या बाजूने ५०.५८ टक्के मते पडली. त्या शरद ऋतूत टोरांटोत लाल स्वेटर घालून फिरण्याचा अर्थ अचानक बदलला. शाळेत मला एका शिक्षकांनी वर्गासमोर विचारले की तुला हा देश तुटायला हवा आहे का. मी चौदा वर्षांची होते. मला त्यांना उत्तर देता आले नाही, पण स्वेटर मी दुसऱ्या दिवशीही घातला, आणि त्या दिवशी मैत्रीण, लीफ्सचा निळा स्वेटर घालून, पूर्ण मधल्या सुट्टीत माझ्या शेजारून हलली नाही.

टोरांटो आणि मॉन्ट्रियल बाद फेरीत समोरासमोर आले ते थेट २०२१ मध्ये, १९७९ नंतर प्रथमच, तेही महामारीमुळे सीमा बंद होऊन कॅनडातल्या सगळ्या संघांचा एकच गट केला गेला म्हणून. मी चाळिशीची, बाबा सत्तरी ओलांडलेले. घरीच राहण्याचा आदेश लागू असल्यामुळे ते त्यांच्या घरी आणि मी माझ्या, फोन दोन्हीकडे चालू. बाबा आताशा पंजाबी समालोचन लावतात. ते २००८ पासून आहे आणि त्यांना त्यात खडकीच्या पलटणींतल्या खेळाडूंची बोली ऐकू येते. मालिकेत लीफ्स ३–१ ने पुढे गेले. मग मॉन्ट्रियलने पाचवा आणि सहावा सामना जादा वेळेत घेतला. सातवा ३१ मे रोजी टोरांटोत झाला, लसीचे दोन्ही डोस घेतलेले ५५० आरोग्य कर्मचारी एवढेच प्रेक्षक. मॉन्ट्रियलच्या गोलरक्षकाने, केरी प्राइसने, जवळजवळ सगळे अडवले. ३–१. फोनवर बाबा एवढेच म्हणाले, “आरे द प्राइस.” मी हसले, आणि मग बराच वेळ दोघेही काही बोललो नाही.

मैत्रीण परिचारिका आहे, आणि आता आमच्यापासून चार रस्ते पलीकडे राहते. तिला तिकीट मिळाले नव्हते. त्या रात्री तिची अतिदक्षता विभागात पाळी होती आणि गोल तिला मधूनमधून सहकाऱ्याच्या फोनवर कळत होते. आजोबा जाऊन खूप वर्षे झाली. त्यांच्या परसातल्या रुबार्बचा एक गड्डा घर विकताना तिने मला खणून दिला होता, आणि तो माझ्या कुंपणाशी चांगला माजला आहे. १ जूनला सकाळी साडेसहाला मी आठ देठ कापले, पाने काढून टाकली, आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या पायरीवर ठेवले आणि ती पाळीवरून परत यायच्या आत निघून आले. संध्याकाळी माझ्या दाराशी झाकण लावलेली वाटी होती. चटणी आईच्याच कृतीची होती, फक्त मिरची जरा जास्त.